छोटा बदल नक्की किती छोटा?

मराठी विकिपीडियावर लॉगिन करून पान जतन करताना 'छोटा बदल' अशी चौकट दिसते. तिथे टिक केली की पानाच्या इतिहासात त्या आवृत्तीपुढे 'छो' लागतं. पण छोटा म्हणजे किती? अक्षरं मोजू नका, अर्थ बघा.

सांगली जिल्ह्याचंच घ्या. १९४९ साली साताऱ्यातून 'दक्षिण सातारा' जिल्हा वेगळा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. एखादी वेलांटी सुधारली, तर 'छो' ठीक. पण स्थापनेचं १९४९ खोडून १९६० केलं, तर आकडे दोनच बदलले, तरी तो मोठा बदल!

तपासणाऱ्याला यादीतून 'छो' बदल लपवता येतात. चूक तिथे दडली, तर स्पर्धा परीक्षेवाला तीच पाठ करतो. शंका आली, की टिक नको. काय बदललं ते एका ओळीत लिहा.