घरातली दहा मीटर

अभिनव बिंद्राने 11 ऑगस्ट 2008 रोजी बीजिंगमध्ये नेमबाजीत भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. चंदीगडजवळच्या झिरकपूरमध्ये वडिलांनी घरीच बांधून दिलेल्या रेंजवर तो वर्षानुवर्षं घडत होता. बिंद्रांची ऐपत सगळ्यांची नसते, हे खरं. पण मीरतजवळच्या कलिना गावातला सौरभ चौधरीही, शेतकऱ्याचा मुलगा, घरच्या रेंजवर सराव करायचा. 2018 च्या आशियाई स्पर्धेत सोळाव्या वर्षी त्याने सुवर्ण जिंकलं.

सुरतेत उधना, लिंबायत भागांत खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने 2022 मध्ये कैरोत एअर रायफलचं जागतिक विजेतेपद मिळवलं. त्याच्यासारखं व्हायचं स्वप्न इथल्या एखाद्या मुलीने पाहिलं, तर घरची रेंज तिच्या आवाक्यात असावी, असं मला मनापासून वाटतं.

नेमबाजाच्या रेषेपासून लक्ष्यापर्यंत दहा मीटर, पाठीमागे उभं राहायला दोन-तीन मीटर. म्हणजे साधारण बेचाळीस फूट लांबीची अरुंद जागा पुरते. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून 1.40 मीटर उंचीवर. रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर! म्हणून लक्ष्यावर किमान 1500 लक्स उजेड हवा. गच्ची मोठी असली तरी ऊन-वारा अडवायला भिंती आणि छप्पर लागतंच.

सुरतेत आणखी एक गोष्ट आधी तपासावी: शेजारी कापडाचे लूम चालतात का? लूमचा हादरा जमिनीतून पायांत आणि पायांतून नळीत चढतो. वरच्या मजल्यापेक्षा तळमजल्याची फरशी बरी.

सगळ्यात जास्त पैसा आणि विचार लक्ष्यामागच्या अडसरावर खर्च करावा. छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा; पण सेकंदाला सुमारे 175 मीटर वेगाने येतो आणि डोळा फोडू शकतो. खाली झुकलेला जाड पोलादी पत्रा त्याला तळच्या पेटीत पाडतो. पत्र्याच्या आजूबाजूलाही छर्रा उलटून येणार नाही असा बंदोबस्त हवा. दार नेमबाजाच्या मागेच असावं. पुढच्या बाजूला दार-खिडकी असेल तर ती पक्की बंद करावी. घरातलं पोर चेंडूमागे धावत आत शिरेल, ही शक्यता मनात धरूनच बांधकाम करायचं.

छर्रे शिशाचे असतात. तिथे झाडू मारला की शिशाची धूळ उडते, म्हणून ओल्या फडक्यानेच पुसावं, हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलपेक्षा जास्त शक्ती नसलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. दारूच्या काडतुसांची बंदूक मात्र या खोलीत आणायची नाही. तिच्यासाठी परवानाही वेगळा आणि रेंजही वेगळी.

रेंज झाल्यावरही प्रशिक्षक लागतोच. पण रोज संध्याकाळी छर्रा न भरता तासभर नुसता ट्रिगर दाबण्याचा सराव, ज्याला नेमबाज ‘ड्राय फायर’ म्हणतात, तो घरीच होतो. उभं राहणं, श्वास आणि बोटाचा दाब पक्का बसतो तो याच तासात.