तान्ह्याची भूक आणि नागलीची पेज

तान्हे मूल सारखे रडू लागले की आईचे दूध अपुरे पडत असावे, अशी शंका घरातील वडीलधाऱ्यांना येते. परंतु मूल जितके ओढते, तितके दूध अधिक उतरते. म्हणून पहिले ६ महिने केवळ अंगावर पाजावे. वरचे पाणीही नको. वजन वाढत नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

६ महिन्यांनंतर जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सरत येतो व नुसते दूध पुरत नाही. सिल्वासाच्या आसपास पिकणारी नागली अशा वेळी उपयोगी पडते. तिच्यात कॅल्शियम विपुल असते. तिची पेज चमच्यावरून ओघळणार नाही इतकी दाट असावी. पातळ पेजेने पोट भरते, पोषण होत नाही. प्रारंभी २-३ चमचे, दिवसातून दोनदा भरवावी. लोहासाठी जोडीला शिजवून कुस्करलेली डाळ, पालेभाजी, अंडे द्यावे आणि अंगावरचे दूध २ वर्षांपर्यंत चालूच ठेवावे.