आधी उद्दिष्टं, मग संगणक



"शाळेसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?" हा प्रश्न हल्ली बऱ्याच शाळांत निघतो. पण त्याच्या आधीचा प्रश्न असा, की शाळेला नेमकं साधायचंय काय?

मोठ्या संस्थांमध्ये याचा विचार फार पूर्वी झाला. १९७० च्या दशकात आयबीएमची 'बिझनेस सिस्टिम्स प्लॅनिंग' ही पद्धत पुढे आली. तिच्यात संगणकाची चर्चा नंतर. आधी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मुलाखती. मग कोणत्या कामाला कोणती माहिती लागते, याचा तक्ता. १९७९ मध्ये एमआयटीतल्या जॉन रॉकार्ट यांनी प्रश्न आणखी नेमका केला: उद्दिष्ट गाठायचं तर कोणत्या मोजक्या गोष्टी बिघडून चालणारच नाहीत? माहिती हवी ती आधी त्यांचीच.

आता हे आपल्या शाळेत कसं करायचं ते पाहू.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती विकास आराखडा करते आणि तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणजे विचारायची माणसं समोरच बसलेली! मात्र भर सभेत, सरांसमोर, आई-वडील फारसं बोलत नाहीत. दोघा-चौघांशी वेगळं बोला. कुणी म्हणेल, "टॅब हवेत." ही मागणी झाली, उद्दिष्ट नव्हे. "टॅब आल्यावर मुलाचं काय बदलेल?" असं विचारा. ('शाळा डिजिटल करणे' हेही उद्दिष्ट नव्हे, फलकावर कितीही छान दिसो.)

समजा, गावातली बरीच कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि उद्दिष्ट ठरलं: हंगामात एकाही मुलाची शाळा सुटू नये. मग बिघडून न चालणारी गोष्ट म्हणजे कोणतं कुटुंब कधी निघणार आणि मूल कुणाजवळ राहणार, हे टोळ्या निघण्यापूर्वी कळणं. हंगामी वसतिगृहात किती मुलांची सोय लागेल, तेही त्याच यादीवरून कळतं. यादी कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, घरोघरी कोण जाणार? एवढं ठरलं की कदाचित एक वही आणि एक फोन पुरतो. चाळीस टॅब या कामाला उपयोगाचे नाहीत.

उद्दिष्टं एकमेकांशी भांडतातही. मुख्याध्यापकांना शिष्यवृत्तीचा निकाल हवा असतो, पालकांना वाटतं मुलाला आधी नीट वाचता यावं. दोन्हींना 'गुणवत्तावाढ' असं एकच गुळगुळीत नाव देऊ नका. जशीच्या तशी इतिवृत्तात लिहा, पैसा आधी कशाला ते समितीला ठरवू द्या आणि खरेदीच्या प्रत्येक ओळीपुढे ती कोणत्या उद्दिष्टासाठी आहे ते नोंदवा.