जुळलं नाही? पुढे चला!

दुपारचे पावणेदोन. सदाशिव पेठ वामकुक्षीच्या तयारीत आहे. अभ्यासिकेतल्या कोपऱ्यात एक मुलगी मोबाइल बंद करून दप्तरात टाकते आणि समोरची प्रश्नपत्रिका उघडते. सीए इंटरमीजिएटचा ॲडव्हान्स्ड अकाउंटिंगचा सराव पेपर. खरी परीक्षाही दोन ते पाच असते, म्हणून सरावही याच वेळी. जेवणानंतरच्या पेंगेशी आत्ताच ओळख झालेली बरी.

पहिली पंधरा मिनिटं फक्त वाचन. पेन मिटलेलं. लेखी भागातला पहिला प्रश्न सक्तीचा, उरलेल्या पाचांतले चार सोडवायचे. कोणता सोडायचा, हे तिचं बोट पानावर फिरता फिरता ठरवतं आहे.

दोन वाजतात. टेबलावरच्या पिवळ्या चिठ्ठीवर हिशेब मांडलेला आहे: 100 गुण, 180 मिनिटं, 14 गुणांच्या प्रश्नाला 25 मिनिटं. बहुपर्यायी प्रश्नांचे 30 गुणही याच तीन तासांत बसवायचे.

आता एकत्रित ताळेबंदाचा प्रश्न. ती आधी वर्किंग नोट्स लिहिते. भागभांडवलातला हिस्सा, ताबा घेण्याआधीचा आणि नंतरचा नफा, मायनॉरिटी इंटरेस्ट, गुडविल. प्रत्येक नोटला क्रमांक, प्रत्येक आकड्यासमोर त्या नोटचा उल्लेख. शेवटी बेरीज. कॅल्क्युलेटरची बटणं दोनदा दाबली जातात. दोन बाजूंत 18,000चा फरक!

ती घड्याळ बघते. 25 मिनिटं संपली आहेत. पट्टीने रेघ मारते आणि पुढचा प्रश्न घेते.

पाचला पेन खाली. खालच्या टपरीवर शेजारच्या टेबलावरचा मुलगा विचारतो, "ताई, टॅली झालं नाही तर प्रश्नच गेला ना?"

"कोण म्हणालं? नोट्स बरोबर असल्या तर स्टेपचे मार्क मिळतात. फरक शोधत बसलास तर शेवटचा प्रश्न हातचा जातो."

चहा संपवून ती वर येते, उत्तरं ताडून बघते. चूक सापडते: मालसाठ्यातला न कमावलेला नफा साठ्यातून वजा केला, राखीव नफ्यातून करायचा राहिला. ही ओळ एका वेगळ्या वहीत तारखेसह उतरते. परीक्षेच्या आदल्या दिवशी हीच वही वाचायची, जाडजूड मॉड्यूल नाही.

तीन पेपरांचा ग्रुप सुटायला प्रत्येक पेपरात किमान 40 आणि तिन्ही मिळून 150 गुण लागतात. ताळेबंद जुळलाच पाहिजे, अशी अट त्यात कुठेही नाही. वेळेत लिहून संपवावं मात्र लागतं, आणि ते दहादा वाचून येत नाही. परीक्षेला बसणाऱ्यांनो, आठवड्यातून एक दुपार तरी घड्याळ लावून पूर्ण पेपर लिहा.