दुष्काळी कामापासून कामाच्या हक्कापर्यंत

नारायणगडाच्या परिसरासह बीड जिल्ह्याला अवर्षण नवे नाही. पूर्वी टंचाई जाहीर झाल्यावरच दुष्काळी कामे निघत. तोवर अनेक मजुरांनी गाव सोडलेले असे. विधान परिषदेचे सभापती कै. वि. स. पागे यांनी हा क्रम उलटविला : मागेल त्याला काम. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे प्रयोग झाला; १९७२ च्या दुष्काळाने त्याची निकड पटविली. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणीनंतर १५ दिवसांत काम, अन्यथा बेकारी भत्ता, असे बंधन शासनाने स्वतःवर घालून घेतले. २००५ च्या केंद्रीय कायद्यालाही हीच योजना आधारभूत ठरली. मात्र मागणीची नोंदच झाली नाही, तर हक्क कागदावरच राहतो. ती नोंद करून घेणे ही गावपातळीवरील पहिली जबाबदारी होय.