मोहन्यातली कॅसेट

१९८४ साली मोहन्याच्या एका चाळीत बसून मी बीटल्सची चूक दुरुस्त केली होती. निदान तेव्हा मला तसं वाटलं होतं. मित्राच्या मावसभावाकडे ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ ही १९६७ ची तबकडी होती आणि माझ्याकडे साठ मिनिटांची कोरी कॅसेट.

सायकेडेलिक रॉक म्हणजे, ढोबळपणे, भास आणि जाग यांच्या सीमेवरचं संगीत. त्यातली ही गाजलेली तबकडी. तेरा गाणी, जेमतेम चाळीस मिनिटं. तिच्यासाठी १९६६ च्या अखेरीस आधी ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ आणि पाठोपाठ ‘पेनी लेन’ ध्वनिमुद्रित होऊ लागलं. पण कंपनीला बाजारात काहीतरी ताजं हवं होतं. फेब्रुवारी १९६७ मध्ये ही दोन्ही छोट्या तबकडीवर निघाली आणि मोठीतून बाहेर राहिली. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी पुढे ही आपल्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी चूक म्हटली. ती गाणी कुठे बसवायची, हा खेळ शौकीन आजही खेळतात.

मीही खेळलो. दुसऱ्या एका तबकडीवरून ती दोन आत घेतली आणि एक काढलं: जॉर्ज हॅरिसनचं ‘विदिन यू विदाउट यू’. सतार, दिलरुबा, तंबोरा, तबला. खरं सांगतो, मला लाज वाटली. इंग्रजी ऐकायला बसावं आणि समोर आपलाच तंबोरा!

क्रम बदलणं दिसतं तितकं सोपं नसतं. पहिलं गाणं न थांबता दुसऱ्यात शिरतं. ‘गुड मॉर्निंग’च्या शेवटी कोंबडी आरवते आणि तिच्या आवाजातूनच पुढच्या गाण्याची गिटार निघते. हे सांधे कापता येत नाहीत. शिवाय तबकडीचं गणित वेगळं. एका बाजूला वीस मिनिटांहून फार भरलं, तर खाचा दाटीनं कोराव्या लागतात आणि आवाज बारीक होतो. दोन गाणी म्हणजे सात मिनिटं. मार्टिनना काहीतरी काढावंच लागलं असतं. कॅसेटला ती अडचण नव्हती. मी काढलं ते निव्वळ मनानं.

शेजारचे एक काका भजनी मंडळात तबला वाजवीत. एकदा त्यांना मूळ तबकडी ऐकायला नेलं. ‘लूसी’ला त्यांनी जांभई दिली. बाजू पालटली, ते गाणं लागलं. मधला वाद्यांचा भाग आला आणि काकांची बोटं मांडीवर चालू लागली. “अरे, झपताल! दहा मात्रा!” मग म्हणाले, “तुझ्या कॅसेटमध्ये कुठाय रे हे?”

वाजवणारे लंडनमधले भारतीय होते: जोशी, गज्जर, कनसारा, सोनी. वेष्टनावर त्यांची नावं नव्हती. फार उशिरा ती लोकांपुढे आली. वेष्टनानं एकदा वगळलं होतं, मी दुसऱ्यांदा.

पुन्हा कॅसेट भरली. ते गाणं सगळीकडे ठेवून पाहिलं. शेवटी जमेना, कारण ‘अ डे इन द लाइफ’चा पियानो विरल्यावर काही ऐकवत नाही. पहिल्या बाजूत ते कोंदटलं. अखेर जिथे होतं तिथेच गेलं, दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला, तबकडी उलटायला उठलेला माणूस पुन्हा टेकतो तेव्हा. संपताना हॅरिसननी मुद्दाम घातलेला हशा आणि लगेच ‘व्हेन आय एम सिक्स्टी-फोर’. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ मी पहिल्या बाजूच्या शेवटी ठेवलं, ‘पेनी लेन’ ‘गेटिंग बेटर’च्या आधी.

ती कॅसेट काकांनी ऐकायला नेली. परत काही आली नाही.