मंजिष्ठेचा लाल, तुरटीची पकड

पश्चिम तुर्कस्तानात आयवाजिकच्या परिसरात बायका पिढ्यानपिढ्या गालिचे विणत आल्या. विणकाम कधी थांबलं नाही. हरवलं ते रंगकाम. १८५६ साली रसायनशास्त्रज्ञ पर्किनने डांबरातून जांभळा रंग काढला, १८६९पर्यंत मंजिष्ठेतलं लाल द्रव्य, अॅलिझरीन, प्रयोगशाळेत बनू लागलं आणि शतक संपता संपता कृत्रिम नीळ बाजारात आली. पुडीतला रंग स्वस्त आणि सोपा होता. कोणतं मूळ कधी खणायचं, किती तापवायचं, हे सांगणारी माणसं हळूहळू कमी झाली.

हेराल्ड ब्योमर हे जर्मन शिक्षक इस्तंबूलमध्ये शिकवत असत. जुन्या गालिच्यांचे धागे तपासून त्यांनी त्यांतल्या वनस्पती ओळखल्या आणि १९८१च्या सुमारास ‘डोबाग’ हा नैसर्गिक रंगकामाचा प्रकल्प उभा राहिला. पुढे मार्मारा विद्यापीठाचं पाठबळ मिळालं आणि विणकरांच्या सहकारी संस्थाही झाल्या. आजीबरोबर गेलेली विद्या रसायनशास्त्राने नातीच्या हाती परत दिली, याचं मला फार मोल वाटतं.

या विद्येचं मर्म रंगात नाही, रंगबंधकात आहे. नुसत्या मंजिष्ठेच्या पाण्यात बुडवलेली लोकर फिकट विटकरी होते. तीच लोकर आधी तुरटीच्या पाण्यात मंद आचेवर ठेवली, साधारण शंभर ग्रॅम लोकरीला पंधरा-वीस ग्रॅम तुरटी, की अॅल्युमिनियम लोकरीच्या प्रथिनाला धरतं आणि रंगाच्या रेणूलाही. मग लाल उमलतो, आणि धुतला तरी टिकतो. आच मात्र बेताची हवी. पाणी खळखळ उकळलं की मुळातली तपकिरी द्रव्यं उतरतात आणि लालाचं तेज जातं. मुळंही निदान तीन वर्षांची हवीत. तिकडची मंजिष्ठा आपल्या आयुर्वेदातल्या वेलीच्याच कुळातली, पण जात वेगळी: तिच्यात अॅलिझरीन भरपूर, आपल्या मंजिष्ठेत नगण्य.

हिराकस मिसळली की रंग गडद होतात, पण तिची किंमत मोजावी लागते. तिच्यातलं लोह लोकर खातं. जुन्या गालिच्यांत काळ्या-तपकिरी गाठी झिजून खाली बसलेल्या दिसतात आणि भोवतीची नक्षी उठून येते, ती यामुळेच. निळीला रंगबंधक लागतच नाही. हंड्यातून पिवळट हिरवा निघालेला धागा हवेत निळा होतो. पक्का हिरवा देणारी वनस्पती सहसा मिळत नाही, म्हणून निळीवर पिवळा चढवतात.

एकाच लाल पट्ट्यात छटा थोडी हलते. हाताने कातलेली लोकर सर्वत्र सारखा रंग पीत नाही आणि प्रत्येक घाण्याचा रंगही वेगळा. व्यापारी याला दोष म्हणोत. मला ते या गालिच्याचं सौंदर्य वाटतं.

जुना गालिचा घेताना गाठी बोटाने फाकवून पाहा. टोक विटलेलं आणि मुळाशी भडक रंग दिसला, तर तो बहुधा सुरुवातीच्या काळातला कृत्रिम रंग आहे.